दुष्काळखूण

चाचणीच्या बेचाळिसाव्या दिवशी सकाळी साडेसहाला ऋतुजा सरवदे खुर्चीतून उठल्या, मैदानाच्या मधल्या पट्टीपर्यंत चालत गेल्या आणि चौथ्या चौकात उकिडव्या बसल्या.

धावणाऱ्या मुली जागच्या जागी थांबल्या. धाराशिवच्या या मैदानावर बाई गेली नऊ वर्षं प्लास्टिकच्या खुर्चीत बसूनच खो-खो शिकवत होत्या. वय साठ, वजन एकशे सहा किलो आणि दोन्ही गुडघे झिजलेले. एकेकाळी राज्याच्या संघातून खेळलेल्या बाई खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी गुडघे दाबायच्या आणि ओठ घट्ट मिटायच्या. मुलींना ते इतकं सवयीचं झालं होतं की त्या तिकडे बघतही नसत. उकिडवं बसणं तर दूरचीच गोष्ट.

"बाई, उठवू का?" कर्णधार मैथिली जवळ आली.

"उठवू नको. खो दे."

मैथिलीला काय करावं कळेना. मग तिने मागून बाईंच्या पाठीला हलकेच हात लावला आणि देवळात बोलावं तशा हळू आवाजात "खो" म्हटलं. बाई उठल्या. हात न टेकता उठल्या. चार पावलं धावल्या, पाचव्या पावलाला दम लागला म्हणून थांबल्या आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटल्या. दम लागला होता, पण दुखलं कुठेच नव्हतं.

तासाभरात त्या सोलापूरच्या बसमध्ये होत्या.

सांधे संशोधन केंद्रात डॉक्टर शार्वी कुलथे सकाळची तपासणी सुरू करत होत्या. छत्तीस वर्षांच्या, बारीक चणीच्या, बोलता बोलता येरझाऱ्या घालायची सवय असलेल्या. बाईंचा चेहरा बघताच त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बाई, मला काही सांगू नका. ही अंध चाचणी आहे."

अंध चाचणी म्हणजे काय, हे बाईंना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. वजन जास्त आणि गुडघे दुखणारे दोनशे चाळीस लोक निवडले होते. त्यांतल्या निम्म्यांना महिन्यातून एकदा नव्या औषधाचं इंजेक्शन मिळत होतं आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय हे संगणकाने ठरवून बंद करून ठेवलं होतं. रुग्णाला ते माहीत नव्हतं, डॉक्टरलाही नव्हतं.

"तुम्हाला औषध मिळतंय असं मला नुसतं वाटलं, तरी मी तुमच्या गुडघ्यांकडे कौतुकाने बघायला लागेन," शार्वी म्हणाल्या. "मग मोजमाप बिघडतं."

"मग उकिडवं बसून दाखवू नको म्हणता?"

शार्वींचे हात कानांवरून खाली आले. "बसता येतं?"

बाई बसल्या आणि उठल्या. शार्वींनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. एकशे तीन किलो. त्यांनी काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं. पुन्हा एकशे तीन. मग त्यांनी वेदनांक विचारला. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, या मापावर रुग्णाने आपल्या दुखण्याला स्वतः दिलेला आकडा म्हणजे वेदनांक. चाचणीच्या सुरुवातीला बाईंनी आठ सांगितला होता.

"आज दोन," बाई म्हणाल्या. "तोही बसमधल्या सीटमुळे असेल."

शार्वी खोलीत फेऱ्या मारू लागल्या. "वजन फक्त तीन किलो उतरलंय. तीन किलोने गुडघ्यावरचा भार असा कितीसा कमी होणार? आणि दुखणं मात्र जवळजवळ गेलं."

"म्हणजे काही चुकलं का?"

"नाही, बाई. चुकलं नाही." त्या थांबल्या, पण डोळ्यांतली चमक काही त्यांना लपवता येईना. "तुम्हाला काय मिळतंय हे मला खरंच माहीत नाही. पण हे औषध ज्या कल्पनेवर उभं आहे, ती खरी असेल तर नेमकं असंच व्हायला हवं."

वजन उतरवणारी औषधं २०६२ साली नवी नव्हती. ती भूक मंदावत, वजन उतरत असे आणि गुडघ्यांनाही बरं वाटत असे. पण औषध थांबलं की वर्षा-दोन वर्षांत बहुतेकांचं वजन परत येई. जणू शरीराला कुठलातरी जुना आकडा पाठ होता आणि ते हट्टाने तिथेच परतत होतं. शार्वींनी प्रश्न उलटा विचारला. हा आकडा शरीराला पाठ कुणी करून दिला?

"तुमच्या आईचा जन्म कधीचा?" त्यांनी विचारलं.

"त्र्याहत्तरचा. एप्रिलमधला."

"म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात तुमची आजी गरोदर होती."

"दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची ती. तिथे वाटायचे ती सुकडी खाऊन दिवस काढले म्हणायची."

"आता नीट ऐका. मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. आजी खडी फोडत होती तेव्हा तिच्या पोटात तुमची आई होती. आणि आईच्या इवल्याशा अंडाशयात ज्या बीजापासून पुढे तुम्ही झालात, ते बीजही होतं. बाई, त्या दुष्काळात तुम्हीसुद्धा हजर होता."

आजीला बाईंनी म्हातारी झाल्यावर पाहिलं होतं. तिच्यासोबत आपणही त्या उन्हात होतो, हा विचार त्यांना कधी शिवला नव्हता.

शार्वी समजावत गेल्या. उपासमारीत शरीर जनुकं बदलत नाही, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा करून ठेवतं. पुस्तकात महत्त्वाच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारतो तशा. 'अन्न संपणार आहे, साठवा,' असा त्या रेघांचा अर्थ. शार्वी त्यांना दुष्काळखुणा म्हणत. ज्यांच्या शरीरात त्या ठळक असतात, त्यांचं शरीर प्रत्येक घास कोठारात टाकतं. कोठार म्हणजे चरबी. आणि कोठार आलं की पहारा आला. हे पहारेकरी रक्तातून सतत धोक्याचे निरोप पाठवत राहतात, आणि त्या निरोपांनी सांधे सुजतात.

"तुमच्या भाषेत सांगते. चरबी गुडघ्याला दिवसभर खो देत असते. गुडघा बिचारा धावून धावून थकतो. भार हे निम्मंच कारण, उरलेलं निम्मं हे. आमचं औषध त्या पेन्सिलीच्या रेघा पुसतं."

"खोडरबर," बाई म्हणाल्या.

औषधाला प्रयोगशाळेत नुसता एक क्रमांक होता. त्या दिवसापासून दोनशे चाळीस लोकांत त्याचं नाव खोडरबर पडलं.

पुढचे महिने बाईंसाठी सणासारखे गेले. पहारा उठला होता, आता कोठारही रिकामं होऊ लागलं. फेब्रुवारीत वजन ब्याण्णववर आलं, एप्रिलमध्ये एक्याऐंशीवर. त्या काहीही सोडत नव्हत्या. समोर ताट आलं की आवडीने जेवत, आणि दोन पोळ्यांनंतर हात आपोआप थांबे. पूर्वी पोट भरलं तरी आत काहीतरी कुरतडत असायचं, ते आता नव्हतं. त्यांचे पती सूरजराव वीज मंडळातून निवृत्त झाले होते. रोज संध्याकाळी ते बायकोबरोबर फिरायला निघत आणि अर्ध्या वाटेत मागे पडत.

मे महिन्यात जिल्हा स्पर्धेच्या समारोपाला जुन्या खेळाडूंचा सामना ठेवला होता. बाईंच्या नावापुढे कुणीतरी 'मानद' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं. गुडघ्यांना पट्टे न बांधता त्या मैदानात उतरल्या आणि उकिडव्या बसल्या. दुसऱ्या डावात त्यांना खो मिळाला तेव्हा समोरची धावपटू खांबाला वळसा घालायच्या बेतात होती. बाई तीन ढांगांत खांबापाशी पोचल्या, एका हाताने खांब धरला आणि संपूर्ण अंग बाहेर झोकून दिलं. बोटं समोरच्या बाईच्या खांद्याला लागली. पंचांची शिट्टी वाजली आणि मांडवाखालची सगळी माणसं उभी राहिली.

प्रेक्षकांत त्यांची मुलगी वीरा होती. अठ्ठावीस वर्षांची, पुण्यात नकाशे तयार करण्याच्या कामावर असलेली. तिचं वजन पंच्याण्णव होतं आणि उजवा गुडघा वर्षभरापासून जिन्यावर कुरकुरत होता. सामना संपल्यावर तिने आईला मिठी मारली. "आई, मला तुझं हे रूप माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "मी जन्मले तेव्हापासून तू खाली बसताना कशाला तरी धरूनच बसायचीस."

ऑगस्टमध्ये संगणकातली बंद यादी उघडली. बाईंना औषधच मिळालं होतं. औषध मिळालेल्या एकशे वीस जणांपैकी एकशे सहा जणांचा वेदनांक तीनच्या खाली आला होता. मिठाच्या पाण्यावर असलेल्यांत अशी माणसं सतराच होती. शिवाय पुसलेल्या खुणा परत उमटत नव्हत्या. शेवटच्या इंजेक्शनला तीन महिने होऊन गेले तरी कुणाचंही वजन वाढलं नव्हतं. शार्वींनी सगळ्यांना केंद्रात बोलावून पेढे वाटले. त्यांचे सहकारी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नंबर लावून बसलेल्या एका आजोबांनी तो कागद सगळ्यांसमोर फाडला.

सप्टेंबरमध्ये हरतालिका आली. लग्नाआधीपासून बाई हा उपास निर्जळी करत. दरवर्षी दुपारपासून पोटात कालवाकालव होई, डोकं चढे, संध्याकाळपर्यंत जीव मेटाकुटीला येई. या वर्षी दुपारचे तीन वाजले तरी काहीच झालं नाही. त्यांनी वीराला फोन केला.

"अगं, भूक म्हणून लागली नाही बघ. वाटतंय की उद्याही करावा."

साडेचारला पूजेसाठी फुलं निवडता निवडता त्या बसल्या जागीच कोसळल्या. कण्हल्या नाहीत, धडपडल्या नाहीत. परडीतली फुलं मांडीवर सांडली आणि मान एका बाजूला कलली. सूरजराव शेजारच्या खोलीत होते. त्यांना काही ऐकूच आलं नाही. दहा मिनिटांनी ते सहज डोकावले म्हणून बाई वाचल्या. दवाखान्यात रक्तातली साखर मोजली तेव्हा तिथल्या नर्सने यंत्र बिघडलंय असं समजून दुसरं आणलं.

दोन दिवसांनी शार्वी स्वतः धाराशिवला आल्या. वीराही पुण्याहून आली होती. शार्वी पहिल्यांदाच येरझाऱ्या न घालता एका जागी बसल्या.

"असे आठ जण आहेत," त्या म्हणाल्या. "कुणी उपास केला, कुणाचं प्रवासात जेवण राहिलं. आठही जण सांगतात की भूक लागली नव्हती. एकदम अंधार झाला."

"का पण?" वीराने विचारलं.

"आपल्याला अन्न मिळालं नाही की शरीर आधी ओरडतं. तीच भूक. मग ते शेगडी मंद करतं, कोठारातलं थोडं थोडं काढून पुरवतं. नुसत्या पाण्यावर माणूस अनेक आठवडे तग धरतो तो त्यामुळे. ही माणसं ओरडत नाहीत. शेगडीही मंद करत नाहीत. कोठारात चरबी असते, पण अन्न तुटल्यावर ते उघडायचं कसं हे शरीराला आठवत नाही. पुढचा घास येणारच आहे अशा खात्रीने शेवटच्या क्षणापर्यंत जळत राहतात आणि विझतात."

"तुम्ही तर बहात्तरचीच खूण पुसली होती," बाई म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटत होतं." शार्वींचा आवाज खाली आला. "बहात्तरची रेघ वरची होती. तिच्या खाली अठराशे शहाण्णवची होती. तिच्याखाली साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आणि त्याहीखाली ज्यांना नावंच नाहीत अशा कितीतरी. माणूस शेती करायच्या आधीपासूनच्या. खोडरबराला वरची कुठली आणि खालची कुठली हे कळत नाही, बाई. त्याने पान कोरं केलं. मी ज्याला आजाराची खूण समजत होते, तीच उपाशी जगण्याची विद्या होती."

"परत लिहिता येईल?"

"औषधाने नाही. आजवर ती एकाच रीतीने लिहिली गेली. पोटात बाळ असलेली बाई उपाशी राहिली की."

मग बाईंनी तो प्रश्न विचारला जो त्यांच्या मनात सगळ्यात आधी आला होता आणि ज्याची त्यांना लाज वाटत होती. "माझे गुडघे परत दुखतील का?"

"नाही. ते बरेच राहतील. वेळेवर जेवायचं, बस."

तपासणी समितीसमोर शार्वींनी हे सगळं मांडलं. समितीने आकडे पाहिले. आठ जण बेशुद्ध पडले होते आणि साखर देताच सगळे शुद्धीवर आले होते. एकशे सहा जण चालू लागले होते. औषधाला मान्यता मिळाली. माहितीपत्रकात एक ओळ वाढली : 'दीर्घ उपवास टाळावा.' ती ओळ लिहिली होती शार्वींनीच. समितीला याहून लांब ओळ मान्य नव्हती.

डिसेंबरमध्ये चाळिशीच्या आतल्यांसाठी औषध खुलं झालं तेव्हा वीराने नाव नोंदवलं. बाईंनी तिला मैदानावर बोलावून घेतलं. दोघी कडेच्या कठड्यावर बसल्या.

"डॉक्टर म्हणतात, तुझ्या पोटातल्या बीजांवरच्या खुणाही जातील," बाई म्हणाल्या. "तुझ्या मुलांच्या. त्यांच्या मुलांच्या."

"माहीत आहे. तासभर समजावलंय त्यांनी मला."

"मग?"

"आई, घड्याळ आहे माझ्याकडे. दिवसातून चार वेळा गजर लावीन आणि जेवीन. गजर लावून मी औषधं घेते, मीटिंगला जाते. जेवायला काय हरकत आहे?" वीराने उजवा पाय सरळ केला. गुडघ्यात कटकन आवाज झाला आणि तिने ओठ मिटले. "तू मला नको म्हण. पण आधी सांग, तुला परत विचारलं तर तू घेशील की नाही?"

मैदानात मुली सूर मारण्याचा सराव करत होत्या. बाईंना त्यांच्यात जाऊन बसायची घाई झाली होती. त्या खोटं बोलू शकल्या असत्या.

"घेईन," त्या म्हणाल्या.

दोन वर्षांनी वीराला मुलगी झाली. तोवर देशात सव्वा लाख लोकांनी औषध घेतलं होतं. गुडघ्यांच्या दवाखान्यांतल्या रांगा ओसरल्या होत्या. खुणा पुसलेल्या आईच्या पोटी जन्मलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलंच बाळ. सोलापूरच्या रुग्णालयातल्या नर्स त्याला मुद्दाम बघायला येत. इतकं शांत बाळ कुणी पाहिलं नव्हतं. दूध दिलं की पीत असे, पुरेसं झालं की तोंड फिरवत असे आणि दोन्ही मुठी उघड्या टाकून झोपत असे.

सहाव्या दिवशी घरी सोडताना शार्वींनी वीराला एकच गोष्ट तीनदा सांगितली. "दर दीड तासाला पाजायचं. रडली नाही तरी. विशेष करून रडली नाही तर."

तुळजापूरच्या घाटात एक ट्रक उलटला होता. दोन्ही बाजूंनी गाड्या खोळंबल्या. सूरजराव खाली उतरून चौकशी करून आले. तास तरी लागेल म्हणाले. वीरा रात्रभर जागी होती. सोलापूर सोडण्याआधी बाळाला पाजून ती मागच्या सीटवर गाढ झोपली होती. बाळ बाईंच्या मांडीवर होतं. ऊन कोवळं होतं, वारा बरा सुटला होता. आजूबाजूच्या गाड्यांतून मुलं खाली उतरून खेळत होती. कुठेतरी एक तान्हं बाळ भुकेने टाहो फोडत होतं आणि त्याची आई त्याला गप्प करता करता रडकुंडीला आली होती.

बाईंनी नातीकडे पाहिलं. चेहऱ्यावर किती समाधान होतं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक तास पन्नास मिनिटं झाली होती.

"वीरा, ऊठ."

वीरा दचकून उठली. तिने बाळाला छातीशी घेतलं. बाळाने तोंड उघडलं नाही. ओठांवर दुधाचा थेंब लावला, तो गालावरून ओघळून गेला. मान सैल पडली होती.

"झोपलीय गं, आई," वीरा म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच खरा वाटला नाही. "झोपलीच आहे ना?"

बाईंनी बाळाला हिसकावून घेतलं. दुपट्याची गाठ सोडली. तळपायांवर टिचक्या मारल्या. पाठ चोळली. बाईंसाठी गाडीत ठेवलेली साखर सूरजरावांनी पाण्यात विरघळवून दिली, ती करंगळीने जिभेखाली लावली. पुन्हा टिचक्या मारल्या, या वेळी जोरात, इतक्या की इवलासा तळवा लाल झाला. शेजारच्या गाडीतली एक बाई काच खाली करून म्हणाली, "अहो, झोपलेल्या लेकराला कशाला मारताय?"

चौथ्या वेळी बाळाचा चेहरा वाकडा झाला. मग त्याने श्वास घेतला आणि रडायला सुरुवात केली. बारीक, तुटक आवाजात. वीरा त्याला पाजू लागली. दोन घोट पिऊन बाळ पुन्हा डोळे मिटू लागलं.

"झोपू देऊ नको," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नातीच्या तळपायाला चिमटा काढला. बाळ कळवळून रडलं. त्या रडण्यात भूक नव्हती. आजीने दुखवलं म्हणून ते रडत होतं. बाईंनी पुन्हा चिमटा काढला.